कुलूपबंद अंगणातली कण्हेर

यंदाच्या अंकाचा विषय ‘बाग’ असा ठरला आणि माझ्या वाट्याला बीड जिल्हा आला, तेव्हा ओळखीपाळखीच्या लोकांनी सहानुभूतीच दाखवली. सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही त्याच्या मर्जीने. २०१३ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. जिथे वीज केंद्राला पाणी मिळत नाही, तिथे फुलझाडाला कोण घालणार? प्रश्न रास्त होता. म्हणून गुलाब, मोगरा, शेवंतीचा नाद सोडला आणि कुणी फारसं न जोपासता जे दारोदारी उभं आहे, त्या झाडामागे निघालो. ते झाड म्हणजे कण्हेर.

बारमाही हिरवं, आठ-दहा फुटांपर्यंत सहज जाणारं झुडूप. लांब, अरुंद, जाड पानं, एकेका पेरावर तीन-तीन. फांदीच्या शेंड्याला गुलाबी, तांबड्या नाहीतर पांढऱ्या फुलांचे घोस. एकेरी पाकळ्यांची असते, दुहेरीही असते. दुहेरी गुलाबीला मंद गोडसर वास येतो. शहरातल्या नर्सरीत ही ‘नेरियम’ नावाने कुंडीत मिळते. बीडचा माणूस मात्र तिच्याकडे बघतही नाही. मुद्दाम विचारलं तर म्हणतो, “ती व्हय? ती असतीच की.”

ती का असते, हे शोधता शोधता लेख वाढत गेला.

दिवाळीनंतरची गल्ली

पाटोदा तालुक्यातली एक वस्ती. बालाघाटच्या माळावर, मुरमाड जमिनीवर. मांजरा नदी याच तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते, पण पाणी उतारावरून निघून जातं आणि माळ कोरडाच राहतो. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे. गल्लीत शिरलं की ओळीने कुलपं. काही दारांना खाली खराट्याची काडी अडकवलेली, काहींच्या उंबऱ्यावर दिवाळीतल्या रांगोळीचा पांढुरका डाग अजून शिल्लक.

बीडच्या डोंगरी तालुक्यांतल्या गावांचं हे नेहमीचं चित्र. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर, पलीकडे कर्नाटक. कुणी ट्रकवर, कुणी बैलगाडी घेऊन. घरी उरतात म्हातारी माणसं, शाळेपायी मागे ठेवलेली लेकरं आणि दोन-चार शेळ्या. कारखान्याचा पट्टा पडला की फाल्गुन-चैत्रात माणसं परततात. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घर बंद, आणि तेही नेमके बिनपावसाचे.

अशा घराच्या अंगणात कुठलं झाड टिकेल याचा हिशेब सोपा आहे. एका दारापुढे तेलाच्या डब्यात जास्वंद होती. आता नुसती काडी होती. शेजारी सिमेंटचं तुळशी वृंदावन, त्यात मंजिऱ्या वाळून काळ्या पडलेल्या. आणि मोरीचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या भोकाशी, भिंतीला टेकून, डोक्यापेक्षा उंच कण्हेर. मोरी कित्येक महिने कोरडी होती. कण्हेरीला गुलाबी फुलांचे झुबके होते, खाली गळलेल्या पाकळ्यांचा थर होता आणि तो झाडायला घरात कुणी नव्हतं.

पलीकडच्या ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. कण्हेर कुणी लावली, असं विचारलं.

“सुनेनं. लगीन होऊन आली त्या सालच्या आखाडात. माहेरून फांदी आणली आन् रोवली मोरीपाशी.”

“पाणी कोण घालतं?”

“मोरीचं जातंय की, माणसं असली म्हंजी. नसली तर नाय. जाताना म्हणती, मामी, तुळशीला तांब्याभर वता, कण्हेरीचं राहू द्या.” आजी तुळशीच्या काडीकडे न बघता पुढे म्हणाल्या, “तांब्याभर बी कुठून वतावं, टँकर आठ दिसाला येतो.”

मला यात जमून आलेलं वेळापत्रक दिसलं. माणसं घरी असतात तेव्हा पाऊस असतो. त्याच दिवसांत फांदी रोवली जाते आणि मूळ धरते. माणसं जातात तेव्हा थंडी येते, झाडाची वाढ मंदावते आणि त्याला फारसं काही लागत नाही. चैत्रात माणसं परत येतात आणि कण्हेरीचा मोठा बहरही ऊन चढायला लागलं की सुरू होतो. कुणी हे आखलेलं नाही. पण गावात उरलेलं झाड हेच, याचं कारण त्यात आहे. बाकीची लावून बघितली, ती गेली.

शेळीची पसंती

पाणी हे अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं शेळीपाशी आहे.

या भागातली शेळी म्हणजे बहुतेक उस्मानाबादी, काळीभोर, काटक, मागच्या दोन पायांवर उभी राहून बाभळीचा शेंडा ओरबाडणारी. गावठाणातल्या घरांना कंपाउंड क्वचितच. एखाद्याने हौसेने गुलाब लावला, तर गुलाबाचं आयुष्य शेजाऱ्याची शेळी सुटेपर्यंत. बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं तर काटे वाळतात आणि मग सरपणाला जातात.

त्यामुळे बीडच्या उघड्या जागी काय वाढेल हे बऱ्याच अंशी शेळ्या ठरवतात. बांधावर आणि रस्त्याकडेला नजर टाका: रुई, घाणेरी, एरंड, निरगुडी, अडुळसा, घायपात, बेशरम. शेळी तोंड लावत नाही अशांचीच ही यादी. धारूर-अंबाजोगाईच्या डोंगरांत सीताफळ इतकं माजलं, त्याचंही एक कारण हेच की सीताफळीचा पाला शेळी खात नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या कौतुकात शेळीचं नाव कुणी घेतलं नाही, घ्यायला हवं होतं.

या यादीत देवाला वाहण्याजोगं, दाराशी मिरवावं असं, बारमाही फुलणारं नाव बहुधा एकच निघतं. अडुळशाची फुलं पांढरी असतात खरी, पण अडुळसा कुणी दारात शोभेसाठी लावत नाही, तो खोकल्यासाठी. शोभेची जागा कण्हेरीने घेतली. शेळी तिला का सोडते, तर पान कडू आहे आणि विषारी आहे. या दुसऱ्या गुणाकडे पुढे वळायचंच आहे.

पानाच्या पाठीवरचे खळगे

बारावीपर्यंत शास्त्र शाखेत असलेल्या कुणालाही कण्हेरीचं पान आतून ओळखीचं असतं. रखरखीत जागी राहणाऱ्या झाडांचा नमुना म्हणून वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हेच पान वापरतात. एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुलं ब्लेडने त्याचे पातळ काप घेताना पाहिली. पान बटाट्याच्या फोडीत धरून कापायचं, सर्वांत पातळ काप कुंचल्याने उचलून काचपट्टीवर ठेवायचा, वर रंगाचा थेंब. भिंगाखाली पानाची वरची त्वचा एकावर एक अशा पेशींच्या अनेक थरांची दिसते आणि तिच्यावर मेणचट लेप. खरी गंमत खालच्या बाजूला. तिथे जागोजागी खोल खळगे असतात, खळग्यात बारीक लव असते आणि झाड ज्यातून श्वास घेतं ती छिद्रं त्या लवेआड, खळग्याच्या तळाशी असतात. बाहेर वैशाखाचा वारा वाहत असला तरी खळग्यातली दमट हवा तो सहजी उडवून नेऊ शकत नाही. पाणी बाहेर पडतं, पण मोजून.

शिकवणाऱ्या मॅडम दर पाच मिनिटांनी एकच सूचना देत होत्या: “ब्लेड पुसून ठेवा, हात साबणानं धुवा, डोळ्याला लावू नका.” पान बाहेरून आणावं लागत नाही, असंही त्या म्हणाल्या. कॉलेजच्या फाटकापाशीच झाड आहे. निधी नसलेल्या प्रयोगशाळेचं ते कायमचं साहित्य.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. कण्हेर मूळची वाळवंटाच्या मध्यातली नव्हे. भूमध्य समुद्राच्या काठापासून पश्चिम आशियातून आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत ती रानात आढळते, ती बहुतेक ओढ्या-नाल्यांच्या पात्रात. असे ओढे चार दिवस पुराने फुगतात आणि उरलेलं वर्ष दगडगोटे दाखवत पडून असतात. त्या पात्रात जगायचं तर पुरात वाकायला हवं, मूळ सुटता कामा नये आणि नंतर महिनोन्‌महिने खालच्या ओलीवर काढता आले पाहिजेत. बीड शहरातून जाणारी बिंदुसरा ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही. एरवी पात्रात पाणी शोधावं लागतं. १९८९ साली त्याच बिंदुसरेने शहरात घुसून हाहाकार केला होता. कण्हेरीला बीड मानवलं याचं मला नवल वाटेनासं झालं. इथला पाऊस तिच्या ओळखीचा आहे.

तिच्या चिवटपणाचा जगभर गाजलेला दाखला हिरोशिमाचा. १९४५ च्या अणुबॉम्बनंतर होरपळलेल्या जमिनीवर लवकर फुललेल्या झाडांत कण्हेर होती. १९७३ साली त्या शहराने तिला आपलं अधिकृत फूल केलं.

हायवेवरची बाग

बीड जिल्ह्यातली सर्वांत लांबलचक बाग कुठली, तर महामार्गाच्या मधोमध आहे ती. सोलापूर-धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ मांजरसुंबा, बीड, गेवराई असा जिल्हा कापत जातो. चौपदरी झाला तशी दोन रस्त्यांमध्ये मातीची पट्टी आली आणि तिथे झाडं लावणं आलं. केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने रस्त्याच्या खर्चातला एक टक्का झाडांसाठी ठेवायला सांगितलं आहे. दुभाजकावरचं झुडूप शोभेपुरतं नसतं. रात्री समोरच्या गाडीचा हेडलाइट डोळ्यांवर येऊ नये म्हणून तिथे छातीएवढा, दाट, बारमाही पानांचा आडोसा लागतो. पान गळणारं झाड चालत नाही, जाड खोडाचंही नाही, कारण गाडी आदळली तर खोड जीव घेतं. धूर सोसणारं हवं, आणि मोकाट गुरांनी खायला रस्त्याच्या मध्यावर येऊ नये असंही हवं. इतक्या अटी लावल्यावर कागदावर कण्हेर, बोगनवेल, तगर अशी मोजकीच नावं उरतात.

उन्हाळ्यात इथे टँकर फिरतो. एक माणूस चालवतो, एक मागे पाइप धरून चालतो. पाइपवाल्याशी बोलत बोलत थोडं चाललो. तो शिरूर कासार तालुक्यातला, आधी ऊसतोडीला जायचा, गुडघे गेले म्हणून हे काम धरलं. त्याचं निरीक्षण मला मोलाचं वाटलं: बोगनवेलीला पाणी जास्त झालं की फूल कमी येतं आणि फांद्या रस्त्यावर लोंबतात, मग ट्रकवाले शिव्या देतात, तगर उन्हाने पिवळी पडते, कण्हेर पाण्याचा फेरा चुकला तरी तक्रार करत नाही, म्हणून फेरा चुकतो तो नेमका तिचाच. दुभाजकाची माती म्हणजे रस्त्याचा राडारोडा, वर वीतभर काळी. त्यात ही झाडं उभी आहेत.

या बागेवर माझा एक आक्षेप आहे. छाटणी झाली की फांद्यांचे ढीग रस्त्याकडेला तसेच पडून राहतात, कधी दोन-दोन दिवस. पलीकडे शेतं असतात आणि शेतात गुरं असतात.

छाट, खड्डा आणि कात्री

कण्हेर विकत घेणारा माणूस बीडच्या खेड्यात भेटणं अवघड. ती मागून आणायची असते. पण अंबाजोगाई रस्त्यावरच्या एका नर्सरीत तिची रोपं होती, बुटक्या जातीची सुद्धा, बंगल्यांच्या गिऱ्हाइकांसाठी. तिथले मामा बोलायला मोकळे होते आणि हाताने करून दाखवायला त्याहून मोकळे.

त्यांनी पेन्सिलीएवढ्या जाडीची, न फुललेली फांदी निवडली. पूर्ण कोवळी नाही, पूर्ण जून नाही. वीतभर तुकडा, खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. शेंड्याची दोन-तीन पानं ठेवून बाकीची खुडली. राहिलेलीही अर्धी कापली, म्हणजे मूळ नसलेल्या काडीला पानांचं ओझं नको. खुडल्या जागी चिकट रस आला तो त्यांनी कापडाला पुसला. मग वाळू, माती आणि कुजलेलं शेणखत भरलेल्या पिशवीत काडी दोन पेरं आत जाईल अशी खोचली आणि माती अंगठ्याने दाबली. आषाढ-श्रावणात लावलेली काडी महिन्याभरात धरते. पाण्याच्या बाटलीत ठेवली तरी मुळ्या फुटतात, पण मामा तसं करत नाहीत. “बाटली दिसली की लेकरू तोंडाला लावतंय,” ते म्हणाले. काडी बुडालेल्या पाण्यातही विष उतरतं, हे त्यांना ठाऊक होतं.

लावण्याची रीत अशी. दिवसाचे निदान सहा तास ऊन लागेल अशी जागा. सावलीत कण्हेर उंच, किडकिडीत होते आणि फुलत नाही. दीड-दोन फुटांचा खड्डा, खाली मुरूम लागला तरी चालेल, पाणी साचता कामा नये. पाटीभर शेणखत. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक कळशी, दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला. नंतर पाणी मिळालं तर फूल जास्त, नाही मिळालं तर कमी. झाड मरायचं नाही. युरियाची मूठ टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. पानं लुसलुशीत येतात, फूल मागे पडतं आणि मावा हमखास येतो.

छाटणीबद्दल बीडमध्ये दोन टोकं दिसतात. कुणी वर्षानुवर्षं कात्री लावत नाही, मग झाड खाली उघडं आणि फुलं हाताच्या वर. कुणी कुऱ्हाडीने बुडापासून घेतो. मामांच्या मते संक्रांत उलटली, थंडी उतरली की छाटावं. कण्हेरीचं फूल नव्या फुटीच्या शेंड्याला येतं. फांदी तिसऱ्या हिश्श्याने कापली की पेरापाशी दोन-तीन फुटवे निघतात आणि दोन-अडीच महिन्यांत प्रत्येकाच्या टोकाला कळ्या धरतात. थकलेलं झाड बुडाशी कापलं तरी पुन्हा फुटतं, फक्त एक बहर हातचा जातो.

कीड फार नाही. शेंड्यावर पिवळाधम्मक मावा बसतो. तो कण्हेरीचं विष स्वतःच्या अंगात साठवतो, म्हणून पक्षी त्याच्या फारशा वाट्याला जात नाहीत. पाण्याचा जोराचा फवारा किंवा पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. पिठ्या ढेकूण आला तर ती फांदीच काढावी. पानं खाणारं एक गिऱ्हाईक मात्र बघण्यासारखं असतं: बोटाएवढी हिरवी अळी, डोक्यामागे निळे-पांढरे डोळ्यांसारखे दोन ठिपके. हिचा पुढे हिरव्या नक्षीचा सुंदर पतंग होतो. दुसरी अळी हबशी या काळपट फुलपाखराची. तिचा कोष पानाखाली टांगलेला, चांदीचा पत्रा चढवल्यासारखा चकाकतो. मामा या अळ्या मारत नाहीत. चार पानं गेली तर गेली, म्हणतात. मलाही तेच बरोबर वाटलं.

परळीची वाट आणि गणपतीची पत्री

कण्हेर दाराशी असण्यामागे देवही आहे. परळी वैजनाथ हे ज्योतिर्लिंग याच जिल्ह्यातलं. बीडचं कंकालेश्वर, सौताड्याचा रामेश्वर, अशी शिवाची ठाणी जागोजागी. शंकराला पांढरी कण्हेर चालते, बेल आणि धोत्र्याबरोबर ती ताटात असते. भाद्रपदात गणपतीच्या एकवीस पत्रींतही तिचं पान येतं. म्हणजे ज्या झाडाला घरात ‘तोंडात घालू नको’ म्हणून लेकरांना धाकात ठेवायचं, त्याचंच पान देवापुढे. जुन्या वैद्यांनी हे झाड उपविषांत धरलं, औषधात वापरण्याआधी त्याची शुद्धी सांगितली आणि देवळात त्याला अडवलं नाही. माणसाला विष आणि पूजा एकाच परडीत ठेवता येतात.

ठेवता येतात, पण सांभाळून. केरळमध्ये कण्हेरीला अरळी म्हणतात आणि देवळांत तिचा भरपूर वापर असे. २०२४ साली एका तरुणीचा मृत्यू अरळीचा अंश पोटात गेल्याने झाला असावा असा संशय आला, आणि त्या मे महिन्यात त्रावणकोर देवस्वम मंडळाने आपल्या मंदिरांत नैवेद्य आणि प्रसादात अरळीची फुलं वापरणं थांबवलं. त्यांनी देवाला फूल वाहण्यावर बंदी घातली नाही, खाण्याच्या वस्तूशी फुलाचा संबंध तोडला. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे पंचामृताच्या वाटीत, पेढ्यावर, तीर्थाच्या पळीत कण्हेरीची पाकळी पडलेली मी पाहिली आहे आणि कुणाला त्यात वावगं वाटलेलं दिसलं नाही.

पिवळ्या कण्हेरीचंही इथेच सांगायला हवं. बिट्टी म्हणतात ती. घंटेसारखी पिवळी फुलं, हिरवी तिकोनी फळं, आत टणक बी. ती कण्हेरीच्याच कुळातली, पण वेगळी जात, मूळची अमेरिका खंडातली. शाळेच्या आवारात आणि देवळामागे ती सर्रास असते आणि आमच्या पिढीने बिट्ट्यांचा खेळ खेळला आहे. तिची बी तर आणखी घातक. लहान मुलं खेळतात त्या जागी ही झाडं नसावीत, एवढं मी ठाम म्हणेन. खेळायला चिंचोके आहेत.

कापलेली फांदी

हिरव्या झाडाला शेळी तोंड लावत नाही, या विश्वासावर सगळी भिस्त आहे. तो विश्वास खरा आहे आणि तिथेच घात होतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर सांगत होते की कण्हेरीच्या विषबाधेची जनावरं उभ्या झाडाखालून येत नाहीत. ती येतात छाटणीनंतर. कापलेली पानं वाळतात, विष कमी होत नाही, जनावराचं लक्ष मात्र चुकतं. वाळका पाला कडब्यात मिसळतो, कुट्टीत जातो. किंवा गणपती उठल्यावर पत्री-निर्माल्य उकिरड्यावर टाकतात आणि तिथे शेळी चरते. उन्हाळ्यात चारा नसला की भुकेलं जनावर चव बघत नाही. मग पोट फुगणं, हगवण, लाळ, आणि हृदयाचे ठोके मागेपुढे. “मालक म्हणतो, सकाळी चांगली होती. आम्ही विचारतो, काल काय कापलं?” डॉक्टरांचा पहिला प्रश्न तो असतो.

माणसाच्या शरीरातही हे विष हृदयावरच जातं. पानं, फुलं, साल, मूळ, सगळंच विषारी. वाळलं तरी आणि उकळलं तरी. मळमळ, उलटी, पोटात कळ, चक्कर, नाडी मंद किंवा अनियमित. पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी घरगुती उपाय करत बसू नये. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याची धडपड नको. १०८ ला फोन करावा आणि हृदयाचा आलेख काढता येईल अशा दवाखान्यात न्यावं, झाडाची फांदी सोबत पिशवीत घालून. फांदी पाहिली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

पाटोद्याच्या त्या आजींना मी विचारलं होतं, इतकं विषारी झाड दारात कशाला? त्यांनी माझ्याकडे नवख्याकडे बघावं तसं पाहिलं. “घरात युरिया हाय, फवाऱ्याचं औषिद हाय. तेला कुलूप घालतो का नाय आमी? तसंच हे. नातू रांगायला लागला तवा खालच्या फांद्या समद्या काढल्या. मोठा झाला, परत येऊ दिल्या.” इतकी साधी आणि नेमकी सूचना मला बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही.

कण्हेरीला जपायला फारसं काही लागत नाही, हे तिच्याबद्दलचं अर्धवट सत्य मी बीडमध्ये ठिकठिकाणी ऐकलं. झाडाला लागत नाही, हे खरं. कात्री लावल्यावर मात्र मेहनत आहे आणि ती कुणी करत नाही. काम करताना जुने हातमोजे किंवा पिशवी हाताला बांधावी. पाला जाळू नये, धूर त्रासदायक असतो. काड्या चुलीत नकोत, दातणाला नकोत, भाकरीच्या टोपल्यावर झाकायला पानं नकोत. गोळा केलेला पाला हातभर खोल खड्ड्यात पुरावा, त्यावर दगड. महामार्गाची छाटणी करणाऱ्या ठेकेदारांकडूनही ढीग त्याच दिवशी उचलून घेतला पाहिजे, आणि त्यासाठी रस्त्यालगतच्या ग्रामपंचायतींनी आवाज काढायला हरकत नाही.

हा अंक हातात पडेल तोवर गल्लीतली कुलपं पुन्हा लागायला सुरुवात झालेली असेल. ज्यांना जाण्याआधी दारातलं झाड आवरायचं आहे त्यांनी ते आताच, शेळ्या बांधलेल्या असताना आवरावं आणि पाला पुरूनच निघावं. नवं झाड लावायचं असेल तर पुढच्या आषाढापर्यंत थांबा, शेजारणीकडून एक फांदी मागा, आणि गोठ्याकडची, कडब्याच्या गंजीकडची व अंगणवाडीकडची भिंत सोडून कुठेही लावा.